पोटाशी बांधलेली बाटली

दमयंती सातव्या महिन्यात जन्मली. आषाढ होता, भिंतींना ओल धरली होती आणि चुलीशेजारी ठेवलेलं पोरही गार पडत होतं. आजीने कापसात गुंडाळून तिला रवळीत ठेवलं, तेव्हा सुईण मथुराबाई म्हणाली, "टोपलीत ठेवायला ती काय कोंबडीचं पिल्लू हाय? आवशीच्या पोटाशी बांधा तिला. आवशीची ऊब पायजे."

मग विमलाने जुन्या लुगड्याच्या पट्ट्याने पोर पोटाशी बांधलं आणि पाऊस ओसरेपर्यंत ते सोडलं नाही. बसल्या बसल्या झोपली, बसल्या बसल्या जेवली. पोर जगलं. पण त्या दिवसांत विमलाच्या मनात जी काळजी शिरली ती काही निघाली नाही. दमयंती शाळेत गेली, रत्नागिरीच्या कॉलेजात गेली, मुंबईला नोकरीला लागली, तरी ती जेवली असेल का, झोपली असेल का, हे प्रश्न विमलाच्या मनात एकामागून एक येतच राहिले.

पावस गावाच्या वाटेवर, समुद्राच्या अलीकडे काजू-आंब्याच्या कातळावर त्यांची वाडी. बाप काशीराम शिवलकर कलमांचा माणूस. दुसऱ्यांच्या बागा राखायचा, कलमं बांधायचा, स्वतःची थोडी झाडं होती त्यांचे आंबे उतरवायचा. घरात शिक्षण म्हणजे विमलाची सातवी. दमयंती मात्र लहानपणापासून वेगळीच चौकस. खुडूक कोंबडी अंड्यांवर बसली की ही तिच्याशेजारी बसायची आणि हळूच तिच्या पोटाखाली हात घालून ऊब बघायची. कोंबडी चोच मारायची. हाताला रक्त येईल, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा हात आत.

"अगो, काय मिळतं तुला?" विमला विचारायची.

"कालच्याएवढंच गरम आहे का, ते बघते."

असल्या पोरीचं पुढे काय होणार, हे विमलाला तेव्हा कळणं शक्य नव्हतं.

मुंबईतल्या एका संशोधन संस्थेत तिला नोकरी लागली. बी.एस्सी. झालेल्या मुलीला पहिलं काम मिळालं ते काचेची भांडी धुण्याचं. वाडीत कोणी विचारलं तर विमला म्हणायची, प्रयोगशाळेत आहे. धुणीभांडी करते हे सांगायची तिला लाज वाटायची. दमयंतीला वाटत नव्हती. ती सुट्टीत आली की सांगायची, बाटलीला साबणाचा नुसता वास राहिला तरी पेशी मरतात. तिने धुतलेल्या बाटल्यांत त्या मरत नाहीत, म्हणून तिथल्या मोठ्या बाई, डॉ. कामतबाई, यांनी तिला आतल्या खोलीत घेतलं. आतल्या खोलीत पंख्याला बंदी, बोलायला बंदी, चपलांना बंदी. "देवघरच की," काशीराम म्हणाला. "देवघरात उदबत्ती तरी चालते, बाबा," दमयंती म्हणाली.

तिथे ती काय करते, हे तिने एकदा ओटीवर बसून आईबापांना नीट समजावलं होतं. आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात, त्या अंगाची राखण करतात. त्या पेशींच्या अंगभर बारीक बारीक पकडी असतात. त्यांना रिसेप्टर म्हणतात. बाहेरून कोण आलं, ते आपलं की परकं, हे त्या पकडीत सापडलं की पेशीला कळतं. आता एकच पकड तपासायची तर रक्तातली पेशी घेऊन भागत नाही, कारण तिच्यावर शेकडो तऱ्हेच्या पकडी, आणि बाटलीत ती चार दिवसही टिकत नाही. म्हणून उंदराच्या चिवट पेशी घ्यायच्या, ज्यांच्यावर ही पकड मुळातच नसते. त्यांच्यात माणसाच्या त्या एका पकडीचं बी घालायचं. लाखो पेशींना घातलं तर मोजक्याच ते धरतात. मग बाटलीत एक विषारी औषध टाकायचं. बियाबरोबर त्या औषधावरचा उतारा जोडून दिलेला असतो, त्यामुळे ज्यांनी बी धरलं त्याच जगतात. उरलेल्यांतून एकेक पेशी वेगळी काढायची, वाढवायची, आणि पकड कुणाच्या अंगावर ठळक आहे ते बघायचं.

"आणि ती पेशी वाढून तिची पोरंबाळं होतात, त्यांनीही पकड सोडता कामा नये. नातवंडांनी नाही, पतवंडांनी नाही. तरच तिचा वाण टिकला म्हणायचं."

काशीरामने विडी विझवली. "म्हणजे कलम."

"कलमच, बाबा."

"आणि खालच्या रायवळ खुंटाला फुटवा येत नाय? तो जोर करतो."

"येतो ना. पकड टाकून दिलेल्या पेशी भराभर वाढतात. त्यांच्यासाठीच ते औषध चालू ठेवायचं."

बापलेकीचं जमलं. विमलाने फक्त विचारलं, "ते विषारी औषध तू हातमोजे घालून घेतेस ना?"

त्या वाणावर दमयंतीचं जवळजवळ वर्ष गेलं. दोनदा सगळं मेलं. तिसऱ्यांदा एकच पेशी अशी सापडली की तिच्या पुढच्या सगळ्या पिढ्यांनी पकड धरून ठेवली. आणि अठ्ठ्याऐंशीच्या मे महिन्यात ती अचानक घरी आली.

एस.टी.तून उतरली तेव्हा तिच्या एका हातात पिशवी होती आणि दुसरा हात पोटावर. चेहरा ओढलेला. विमला पिशवी घ्यायला पुढे झाली.

"पोटाला काय झालं गो?"

"काही नाही, आये. आत चल, सांगते."

आत चल म्हटल्यावर विमलाच्या मनात नको ते आलं. मुंबईत एकटी राहणारी तरणी मुलगी, पोटावर हात. माजघराचं दार लोटेपर्यंत तिने सात देवांना नवस बोलून टाकला.

दमयंतीने निऱ्यांच्या वर बांधलेला कापडी पट्टा सोडला. त्यातून निघाल्या प्लॅस्टिकच्या दोन चपट्या बाटल्या, तळहाताएवढ्या, काठोकाठ भरलेल्या. आत कोकमाचं आगळ पाण्यात घालून पातळ केल्यासारखा लालसर रस. झाकणांवर मेण आणि चिकटपट्टी.

विमला खाटेवर बसली आणि हसू लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"तुला काय वाटलं?" दमयंतीने विचारलं.

"काय नाय. काय हाय ह्यात?"

होतं ते असं. मुंबईच्या त्या आतल्या खोलीत बुरशी शिरली होती. पेशी उबेत ठेवायच्या कपाटात होतं तेवढं सगळं नासलं. गोठवून ठेवलेला साठा ज्या पिंपात होता ते पिंप त्याच महिन्यात बिघडलं, तोही गेला. दमयंतीच्या वाणाच्या दोनच बाटल्या उरल्या, वरून तरी स्वच्छ दिसणाऱ्या. मुंबईतल्या दुसऱ्या प्रयोगशाळांनी बुरशीचं नाव ऐकताच हात वर केले. बुरशीच्या घरातली बाटली आपल्या कपाटात कोण घेईल? शेवटी कामतबाईंच्या गोव्यातल्या एका जुन्या मैत्रिणीने कबूल केलं, तेही अटीवर. आधी तीन दिवस बाटल्या कुठेतरी बाहेर उबेत ठेवा. रस गढूळ झाला नाही, तर मी घेईन.

"कुठेतरी म्हणजे कुठे, हे कोणाला कळेना. मी म्हटलं, माझं घर वाटेवरच आहे."

"आणि गढूळ झाला तर?"

"तर पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तशी पेशी सापडेलच असं नाही."

रात्रभराच्या प्रवासात ती टेकून बसली नव्हती. बाटल्या दबू नयेत, हिंदकळू नयेत, अंगाची ऊब सुटू नये. माणसाच्या अंगाएवढी ऊब त्यांना लागते. कमी झाली तर झोपतात, फार वाढली तर मरतात.

"आणि ह्या उंदराच्या," विमला म्हणाली.

"उंदराच्याच."

"पट्टा धुवून घे. आणि तू आधी जेव."

दमयंती जेवली, पण आडवी व्हायला तयार होईना. तासातासाला साबणाने हात धुवायची, पट्टा सोडायची, बाटली खिडकीशी धरायची आणि मोती पारखावा तसं बघायची. विमला दारातून तिच्याकडे बघत राही. लहानपणी कोंबडीखाली हात घालणारी ती हीच. हिने नुसत्या डोळ्यांनी आणि हातांनी असं काही वाढवलं होतं जे दुनियेत दुसरीकडे कुठेच नव्हतं, आणि हिची वेणी मात्र आठवड्याची.

दुपारी उकाड्याने जीव नकोसा झाला. पट्ट्याखाली घामोळं उठलं, दोन बाटल्यांच्या कडा रुतून कातडी लाल झाली.

"एक तरी काढून ठेव," विमला म्हणाली.

दमयंतीने घरभर नजर फिरवली. मग उठून आढीच्या खोलीत गेली.

काशीरामची आढी हा त्या घरातला सगळ्यांत जपलेला कोपरा. खाली भाताचा पेंढा, त्यावर हापूसचा थर, पुन्हा पेंढा, वरून गोणपाट. आत जायचं तर पाय धुवून, दार लगेच लोटून. लहानपणी आढी चाळायचं काम दमयंतीचं होतं. पेंढ्यात हात घालून कुठला आंबा आला ते ती न बघता सांगायची. आताही तिने हात घातला, कडेची एक जागा निवडली आणि पिशवीतली काचेची नळी काढून ऊब मोजली. चेहरा उजळला.

"आये, मुंबईच्या कपाटात एवढीच असते. अगदी एवढीच."

एक बाटली स्वच्छ फडक्यात गुंडाळून, स्टीलच्या डब्यात घालून तिने आढीत ठेवली. दुसरी पोटाशी राहिली. घरात इतकी चांगली जागा असताना आपल्याला आधी सुचली कशी नाही, म्हणून ती स्वतःवरच हसली. संध्याकाळी पुन्हा मोजली, ठीक होती. मग दोन रात्रींची झोप तिच्यावर कोसळली.

सकाळी विमलाला जाग आली ती वासाने. पिकल्या हापूसचा वास घरभर सुटला होता. माजघरात, ओटीवर, अंगणात सुद्धा. काशीराम खूश होऊन म्हणाला, "आढी आली गो. आज पयला आंबा देवाला."

दमयंती अंथरुणात उठून बसली. वास तिच्यापर्यंत पोचला आणि तिचा चेहरा पांढरा पडला. ती तशीच धावली. पाय धुवायचे सुद्धा विसरली.

आढी पिकायला आली की आतून तापते. पेंढ्यात हात ठेववत नाही इतकी. त्या वाडीतल्या कुठल्याही पोराला हे ठाऊक असतं, दमयंतीला तर बोटांनी ठाऊक होतं. पण ते आंब्यासाठी ठाऊक होतं. बाटलीच्या वेळी तिने मुंबईसारखी नळी लावून ऊब मोजली आणि आढीलाही मुंबईच्या कपाटासारखी एका आकड्यावर स्थिर धरलं.

डबा हाताला चटका देईल इतका तापला होता. बाटलीचं मेण वितळून ओघळलं होतं. तिने बाटली खिडकीशी धरली. तळाशी चिकटलेल्या पेशींची एक धुरकट पातळ साय असायची, ती नव्हती. तिच्या जागी पांढरे कण रसात तरंगत होते, हलवलं की फिरत होते.

"गेल्या?" विमलाने विचारलं.

"गेल्या."

ती रडली नाही. म्हणाली, "असंच फेकायचं नसतं, उकळावं लागतं. एक टोप दे." अंगणातल्या चुलीवर टोप ठेवून तिने बाटलीतला रस आणि बाटली उकळवली, खड्डा काढून पुरली, वर दगड ठेवला. टोप घासायला बसली तेव्हा मात्र तिच्या हातातून तो दोनदा निसटला.

काशीराम जवळ येऊन उभा राहिला. आंबा त्याच्या हातातच होता. "त्या टोपात परत भात नको हां रांधू," तो म्हणाला, आणि दमयंती घासता घासता हसली, आणि मग रडली.

विमलाने तिच्या हातातून टोप काढून घेतला. "दुसरी माझ्याकडे दे."

"नको, आये. तुला नाही जमणार. वाकायचं नाही, धावायचं नाही, झोपेत कुशीवर व्हायचं नाही."

"दमे," विमला म्हणाली, "तुझ्या बाटलीत हायत त्यांच्याहून तू काय फार मोठी नव्हतीस."

दमयंतीने आईचे हात कोपरापर्यंत साबणाने धुवायला लावले, पट्टा बांधला, बाटली सरळ बसली आहे ना ते तीनदा बघितलं, आणि पाच मिनिटांत आईच्याच चटईवर झोपली.

विमला बसली. पहाटेपासून दिवे लागेपर्यंत पायावर असणारी बाई ओटीवरच्या पाटावर भिंतीला टेकून बसली. आमसुलं वाळत होती ती कोंबड्यांनी विस्कटली, तरी उठली नाही. काशीरामने स्वतः चहा केला आणि साखर घालायला विसरला; तिने निमूट प्यायला. एरवी काळजी करायची तर तिला हात मोकळे लागायचे. आज सगळी काळजी पोटापाशी एका जागी आली होती, आणि नवल म्हणजे जीव थोडा शांत होता.

शेजारची चिमा सुकट घेऊन आली. "विमलावैनी, ह्या वेळेला बसलीस ती? पोटात दुखतंय?"

"नाय गो."

"मग हात कशाला पोटावर?" चिमाने सुकटीची पाटी खाली ठेवली. नजर बारीक केली. फुगीर पदर बघितला, चुलीशी काशीराम बघितला. "ह्या वयात?"

"चिमे, गप बस."

"मी काय बोलली? बरं आंबट काय हवं तर सांग, कैऱ्या हायत घरात. काशीभावजी, चहा बाकी आत्तापासून शिकलात तो बरा."

काशीराम भांड्यात तोंड घालून हसत होता. विमलाला हसायची सोय नव्हती, पोट हलेल म्हणून. ती ओठ दाबून एवढंच म्हणाली, "उंदीर हाय, बाई, पोटाशी. पोरीच्या हापिसातला." चिमाने हे वाडीत जाऊन कसं सांगितलं असेल ते देवाला ठाऊक, संध्याकाळी दोघीतिघी उगाच विरजण मागायला येऊन गेल्या.

दिवे लागायच्या सुमाराला विमलाने पट्टा जरा सैल केला आणि खिडकीशी बाटली बघितली. तळाशी एक काळा तंतू दिसला. पोरीला उठवावं की आणखी थोडं झोपू द्यावं, हेही तिला ठरवता येईना. शेवटी हाक मारली.

दमयंतीने बाटली उजेडाकडे धरली, तिरकी केली, पुन्हा सरळ केली. पदराचं टोक ओठांत ओलं करून तिने बाहेरच्या बाजूने पुसलं. तंतू पदराला लागून आला.

"तुझ्याच लुगड्याचा दोरा, आये."

"मला वाटलं बुरशी."

"मलाही क्षणभर." ती आईजवळ बसली. "आत निर्मळ आहे."

मग मायलेकींनी पाळ्या लावल्या. एक झोपली की दुसरी बसायची. आढीची चूक दमयंतीने नंतर बोलून दाखवली नाही, पण दर पाळीला आईच्या पट्ट्याखाली काचेची नळी घालून ऊब मोजू लागली. एकदा मोजून विश्वास ठेवायचं तिने सोडून दिलं ते कायमचं. पुढे कामतबाईंकडे तिच्या हाताखाली मुली आल्या, त्या म्हणायच्या, बाई फार संशयी आहेत, बंद कपाट सुद्धा पुन्हा उघडून बघतात. ह्याच मुलींनी वाढवलेले वाण नंतर कित्येक ठिकाणी गेले. पण हे बरंच पुढचं.

ठरलेले दिवस भरले. त्या सकाळी रस तसाच होता, स्वच्छ लालसर, तळाशी धुरकट साय. दमयंती पट्टा बांधून गोव्याच्या गाडीत बसली. विमलाने तिच्याबरोबर आंबोळ्या दिल्या, आंबे दिले, आणि कंडक्टरला सांगितलं, "पोरीला पुढची सीट द्या, तिच्या पोटाला धक्का लागता नये." कंडक्टरने दमयंतीकडे बघितलं, गळ्यात मंगळसूत्र आहे का तेही बघितलं, आणि पुढची सीट दिली. गाडी सुटेपर्यंत दमयंती खिडकीत तोंड लपवून बसली होती.

घरी आल्यावर विमलाचा हात सारखा पोटाकडे जायचा. रिकामं लागायचं.

दमयंती परतीच्या वाटेवर पुन्हा घरी उतरली. दोन्ही हात मोकळे. काशीरामने ओटीवरून फक्त मान वर केली. ती सरळ स्वयंपाकघरात आली, माठातलं पाणी प्यायली आणि म्हणाली, "जिवंत आहेत."

"सगळ्या?"

"काही गेल्या. पण चिकटलेल्या आहेत त्या ठणठणीत. तिथल्या बाईंनी तपासून पण बघितलं. पकडीला चिकटणारा एक रंग असतो, तो घातला. काळोखात यंत्राखाली बघितलं, तर हिरव्या दिसल्या, आये. एकेकीच्या कडेने हिरवी किनार. मग त्यांनी विचारलं, तीन दिवस ऊब कशात ठेवली?"

"काय सांगितलंस?"

"म्हटलं, आमच्याकडे जुनं यंत्र आहे. सातव्या महिन्यातलं सुद्धा जगवतं."

विमला पाठ फिरवून चुलीतली लाकडं नीट करू लागली. जरा वेळाने म्हणाली, "वेणी घाल आधी. मग जेवायला बस."

दारात चिमा आली होती. तिने विमलाच्या पोटाकडे बघितलं, मग दमयंतीकडे. "सुटलीस वैनी? काय झालं, मुलगा का मुलगी?"

"मोजल्या नाय," विमला म्हणाली. "लाखभर असतील. गोव्याला ठेवल्यायत. बारशाच्या घुगऱ्या तुझ्याकडे."